दुपारी बाग बंद असते

मूल धावायला लागलं की दोन खोल्यांचं घर त्याला पुरत नाही. औशाला माझ्या माहेरी अंगण आहे. सकाळी दार उघडलं की लेकरू बाहेर, दिवेलागणीला आत, आणि मधल्या वेळात चार घरांची नजर त्याच्यावर. पुण्यात आम्ही वनाजजवळ तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली पार्किंग, त्यापुढे रस्ता. आठवडाभर आम्ही दोघं नोकरीवर आणि लेक पाळणाघरात. शनिवार उजाडला की ती दाराशी चप्पल घेऊन उभी राहते आणि हिला कुठे न्यायचं या प्रश्नाने माझं डोकं गरगरतं. घरभाडं आणि पाळणाघराचे पैसे दिल्यावर हातात फार काही उरत नाही, त्यामुळे जिथे जायचं ते फुकटात किंवा थोडक्यात हवं.

ज्याला विचारलं त्याने ठिकाणं सांगितली. सिंहगड, मुळशी, पानशेत, लोणावळा. सगळे मनापासून सांगत होते. पण कुणाची मुलं मोठी झालेली, कुणाला मुलंच नाहीत. पावणेदोन वर्षांच्या लेकराला दीड तास गाडीत मांडीवर धरायचं, तिथे पोचेपर्यंत त्याची झोपेची वेळ व्हायची आणि मग रडत रडत परत यायचं, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. ऑफिसातल्या एकीने मॉलमधलं खेळघर सुचवलं. तिथे तासाचे जे पैसे सांगितले त्यात आमची आठवड्याची भाजी आली असती. वर मोजे वेगळे विकत घ्या म्हणाले. आम्ही दारातूनच मागे फिरलो.

खालच्या मजल्यावरच्या आजींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, बागेत ने की तिला. आम्ही आमची सगळी बागेतच वाढवली."

बागेत न्यायला हरकत काहीच नव्हती. डिसेंबरचे दिवस होते. लेकीचं आंघोळपाणी, खाणं आटोपून साडेदहाच्या सुमाराला घराजवळच्या एका सार्वजनिक बागेत पोचलो, तर आतला रखवालदार शिट्टी वाजवत सगळ्यांना बाहेर काढत होता. बाग आता संध्याकाळीच उघडणार. मला कळेचना. कोवळं ऊन पडलेलं, घसरगुंडी रिकामी, आणि फाटकाला कुलूप! नंतर चौकशी केली तेव्हा समजलं की शहरातल्या बहुतेक बागांची रीत हीच आहे: सकाळी लवकर उघडायच्या, दहा-अकराला बंद करायच्या आणि चार-साडेचारला पुन्हा उघडायच्या. फिरायला येणाऱ्या मोठ्या माणसांना ही वेळ सोयीची आहे. लहान मुलांचं घड्याळ वेगळं चालतं. पुण्याच्या थंडीत सकाळी सातला तान्ह्या-रांगत्या लेकराला बाहेर काढवत नाही. दहाला ऊन अंगाला बरं वाटायला लागतं, आणि त्याच वेळी दार बंद होतं.

तेव्हापासून मी आधी वेळ आणि जमीन पाहते, ठिकाणाचं नाव नंतर. किती वाजता उघडतं? सावली आहे का? पिण्याचं पाणी आहे का? लेकीचा हात सोडला तर ती कुठवर धावू शकेल? या प्रश्नांची उत्तरं कुठल्याच फलकावर लिहिलेली नसतात, ती पायांनीच शोधावी लागली.

सारसबाग या परीक्षेत उत्तम उतरली. मेट्रोने स्वारगेटला उतरायचं, तो चौक लेकीला कडेवर घेऊन सांभाळून ओलांडायचा, आणि मग चालत बागेत. आत शिरलं की तिला खाली ठेवता येतं, हीच मोठी गोष्ट. हिरवळ लांबवर सपाट पसरलेली आहे, कारण ही मुळात तळ्याची जागा. नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्याचं पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं करवलं, त्यात बेट राखलं, आणि त्या बेटावर 1784 मध्ये सवाई माधवरावांच्या काळात गणपती बसला. पुढे तळं आटवलं गेलं आणि बाग झाली. सकाळी गवतावर दव असतं, लेकीचे मोजे भिजतात, म्हणून मी जादाचे दोन जोड ठेवते. तिला देवळापेक्षा देवळाच्या पायऱ्या आवडतात. एकेक पायरी चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. नवरा म्हणाला, "दर्शन राहू दे, हिचं हेच चालू दे." आम्ही दोघं आळीपाळीने तिच्यामागे होतो. दुसऱ्याने सतरंजीवर बसून डब्यातले पोहे खायचे. रविवारी संध्याकाळी मात्र तिथे इतकी गर्दी असते की लहान मुलाला खाली सोडायची छाती होत नाही. सकाळीच जावं.

शेजारीच पेशवे पार्क. तिथली फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी 1956 मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्या गाडीतून लहानपणी फिरलेली माणसं आता नातवंडांना मांडीवर घेऊन बसतात. आमच्या डब्यात असेच एक आजोबा होते. लेक पहिल्या शिट्टीला घाबरून माझ्या मानेला बिलगली, तेव्हा ते तिला म्हणाले, "घाबरू नको गं चिमणे, मीसुद्धा रडलो होतो." पुढच्या वेळी ती स्वतःहून गाडीकडे बोट दाखवायला लागली. एवढ्याशा तिकिटात एवढा आनंद मला दुसरीकडे मिळालेला नाही.

फुलराणीने एक दार उघडलं. लेकीला गाडी आवडते, तर मग मेट्रो हीच सहल का करू नये? लेकीला तिकीट लागत नाही, आणि शनिवार-रविवारी आमच्या भाड्यातही सवलत मिळते. वनाजहून निघालं की गाडी उंचावरून जाते, खिडकीतून झाडांचे शेंडे आणि मुठेचं पात्र दिसतं. डेक्कन आणि संभाजी उद्यान या स्थानकांची छपरं मावळ्यांच्या पगडीसारखी बांधली आहेत, ती तिला आम्ही मुद्दाम दाखवतो. सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची. तिथला फलाट जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर आहे, आणि तिथवर नेणारे ते लांबच लांब सरकते जिने! लेक श्वास रोखून पाहत राहते. तिचा हात घट्ट धरावा लागतो, सुटे पदर आणि ओढण्या आवराव्या लागतात. पण आत गारवा असतो, स्वच्छता असते, आणि ऐन दुपारीही दार उघडं असतं. मे महिन्यात आम्हाला याच गाडीने तारलं.

त्याच मार्गावर मंडई स्थानक आहे. महात्मा फुले मंडईची दगडी इमारत 1886 ची. मधोमध अष्टकोनी मनोरा, वर उंच छप्पर, त्यामुळे बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत सुसह्य वाटतं. मला तर पुण्यातली लहान मुलांसाठीची सगळ्यात चांगली जागा हीच वाटते. वांग्यांचा जांभळा ढीग, मिरच्यांचा हिरवा, लिंबांचा पिवळा, आणि सगळं तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. पुस्तकातलं चित्र दाखवून मी "गाजर, गाजर" म्हणत होते तेव्हा ती बघत नव्हती. इथे एका मावशींनी धुतलेलं गाजर तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "घे गं माय, खा." ती "माय" हाक ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मावशींनी गाजराचे पैसे घेतले नाहीत. भाजी तर आम्हाला घ्यायचीच होती, ती त्यांच्याकडूनच घेतली. रविवारी ऐन गर्दीच्या वेळी मात्र जाऊ नये, हातगाड्या आणि हमालांची ये-जा असते. दुपार बरी.

सावलीसाठी एम्प्रेस गार्डन. रेसकोर्सच्या बाजूला, आमच्याकडून लांब पडतं, पण थोडक्या तिकिटात दिवसभर उघडं असतं आणि डबा नेता येतो. झाडं इतकी जुनी आहेत की काही वेलींची खोडंच झाली आहेत. लेक खाली पडलेल्या पानांत बसून राहते. जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरतं तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. तो आठवडा टाळून जावं असं माझं स्पष्ट मत आहे.

कात्रजचं प्राणिसंग्रहालय सगळ्यांनी सुचवलं होतं. बुधवारी ते बंद असतं, पण आमचा रविवारच असल्याने अडचण आली नाही. तळ्यासकट 130 एकरांचा परिसर आहे तो. लेक चालून दमली आणि वाघ दाखवला तर ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. खंदकापलीकडचं एवढं दूरचं या वयात दिसून ओळखता येत नसावं. वाटेवरच्या खारी मात्र तिला दिसल्या. ती तीन-चार वर्षांची झाल्यावर पुन्हा जाऊ. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं, फार देखणं आहे. पण जागोजागी पाणी आणि पाण्यात मासे, त्यामुळे तिथे आमच्या दोघांचेही प्राण कंठाशी. तळजाईची टेकडी त्यापेक्षा मोकळी. वर पठार आहे, मातीच्या रुंद वाटा आहेत, पहाटे मोरांचे आवाज येतात आणि एक पैसाही लागत नाही. सावली विरळ आहे, तेव्हा नऊच्या आत उतरावं.

पैशांची चिंता अशी मिटली. तिघांचा मेट्रोचा जाण्यायेण्याचा खर्च शंभराच्या आत-बाहेर, डबा आणि पाणी घरचं. जे मिटलं नाही ते वेगळंच आहे. एका बागेत स्वच्छतागृहाला कुलूप होतं, आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लेकीचं लंगोट मी बाकावर, लोकांच्या नजरेसमोर बदललं. आणखी एका ठिकाणी तान्ह्या बाळाची आई झाडामागे ओढणी धरून बाळाला पाजत होती. आपल्याकडे एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले. ज्या हिरकणीने बाळासाठी रायगडाचा कडा उतरला तिचं नाव दिलं, हे फार चांगलं केलं. मग जिथे बाळं रोज येतात त्या बागांमध्ये तो कक्ष का नसावा?

मोठा खर्च कुणी मागत नाही. थंडीचे चार महिने बागा दुपारीही उघड्या ठेवाव्यात, निदान शनिवार-रविवारी. स्वच्छतागृह उघडं असावं, एक आडोशाची खोली असावी, पिण्याच्या पाण्याचा नळ चालू असावा. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना माझी विनंती आहे की बागेतून निघताना तिथल्या कार्यालयात तक्रारवही मागा आणि हे चार शब्द लिहून, खाली नाव घालून या. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकालाही पत्र द्या. मी दिलं आहे.