सोन्याचं मांजर

गेल्या शनिवारी रात्री बाइकवरून भिवपुरीला मित्राकडे चाललो होतो. (भिवपुरी रोड स्टेशन नव्हे हं, भिवपुरी गाव. दोन्ही वेगळी, पहिल्यांदा जाणारा हमखास फसतो.) गावाजवळ १९२२ पासून पाण्यावर वीज तयार होते, पण त्या वळणावर मात्र मिट्ट काळोख. एक मांजर आडवं आलं. पुढच्या चाकाला धप्पकन काहीतरी लागलं. मी थांबलो नाही. पाऊस होता, उशीर झाला होता.. कारणं काय, ढीगभर असतात.

पोचल्यावर आईला फोनवर सांगितलं. "अरे देवा, आता काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागणार!" ती हसत म्हणाली. आजी असती तर हसली नसती. मला भगवतीचरण वर्मांची 'प्रायश्चित्त' ही हिंदी कथा आठवली. सुनेच्या हातून मांजर मरतं, पंडितजी २१ तोळ्यांपासून सुरुवात करतात, घासाघीस होऊन सौदा ११ तोळ्यांवर येतो.. आणि तेवढ्यात मांजर उठून पळून जातं!

झोप येईना म्हणून लॅपटॉपवर 'कुरोनेको' लावला. (हो, शहाणपणाच तो!) कानेतो शिंदोचा १९६८ चा सिनेमा, नावाचा अर्थच काळं मांजर. लढायांच्या धामधुमीत काही सामुराई एका शेतकऱ्याच्या घरात घुसतात, सासू-सुनेवर बलात्कार करतात आणि घर पेटवून देतात. राखेत पडलेल्या दोघींना काळं मांजर येऊन चाटतं. मग त्या भुतं होऊन एकेका सामुराईला भुलवून घरी नेतात आणि अक्षरशः त्याच्या नरडीचा घोट घेतात. त्यांना मारायला पाठवलेला नवा सामुराई निघतो घरचाच मुलगा!

जपानात अशा भूतमांजराला 'बाकेनेको' म्हणतात. मांजर फार म्हातारं झालं की त्याचं बाकेनेको होतं, अशी समजूत. पूर्वी दिव्यात माशांचं तेल घालायचे. ते चाटायला मांजर मागच्या पायांवर उभं राहिलं की भिंतीवर सावली कशी पडत असेल, विचार करा.

पण मला झोंबलं ते वेगळंच. आपल्याकडे मांजराचा हिशोब मिटतो. तोळे ठरले, दान दिलं, सुटलो. त्यात मांजराला काय मिळतं? काहीच नाही. शिंदोच्या मांजराला तोळे चालत नाहीत. ज्यांचं ऐकायला कोणी नव्हतं अशा दोन बायकांच्या वतीने ते वसुली करतं. आणि सूट मागितली तर तीही फुकट नाही. सून नवऱ्याला मारत नाही, त्याच्यासोबत सात रात्री काढते, पण त्यापायी स्वतः नरकात जाते.

सकाळी चालत त्या वळणावर गेलो. रस्ता पावसाने धुतलेला, काहीच नव्हतं. कथेतल्यासारखं उठून गेलं असेल? तसं असेल तर फारच बरं. पण मी थांबलो नव्हतो, हे काही त्याने बदलत नाही.

असो. रविवारी संध्याकाळी परत निघालो तेव्हा त्या वळणावर गाडी आपोआप वीसवर आली.