बंबाआधीचे शेजारी

फाल्गुनी पौर्णिमेच्या रात्री अक्कलकुवा तालुक्यातील काठी या गावी जो अग्नी पेटतो, त्याचे वर्णन करणारांची नजर बहुधा मोरपिसांच्या टोपांवर, कमरेला बांधलेल्या भोपळ्यांवर आणि ढोलांच्या तालावर रात्रभर चालणाऱ्या नृत्यावर खिळून राहते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु मला त्या उत्सवात सर्वांत अधिक आदर वाटतो तो, एवढा मोठा अग्नी ज्या शिस्तीमुळे माणसांच्या हाती राहतो त्या शिस्तीविषयी. परंपरा जिचा आरंभ इ.स. १२४६ मध्ये सांगते अशी ही राजवाडी होळी. तिचा उंच बांबूचा दांडा गुजरातच्या जंगलातून वाजतगाजत येतो, यंत्राच्या साहाय्यावाचून केवळ मनुष्यबळाने उभा राहतो, आणि रात्र सरत आल्यावर, पहाटे पाचच्या सुमारास, होळी पेटते. ज्यांनी तिच्यासाठी व्रत घेतलेले असते ते त्याआधी कित्येक दिवस जमिनीवर निजतात आणि संयमाने राहतात. डोंगराडोंगरांतून पायी आलेले हजारो लोक एका ज्वाळेभोवती उभे राहतात, आणि ती कोणी पेटवावी, कोणी कोठे उभे राहावे, दांडा पडू लागताच कोणी काय करावे, हे कोणत्याही लेखी हुकमावाचून सर्वांना ठाऊक असते.

अग्नीशी वागण्याची ही सामुदायिक रीत मनात घोळू लागली म्हणजे अग्निशमनाच्या इतिहासाकडे पाहण्याची दृष्टी पालटते. आज आग म्हटली की आपल्याला तांबडा बंब आणि त्याची घंटा आठवते. पण बंब हा या इतिहासाचा पुष्कळ उत्तरकालीन अध्याय आहे. त्याच्या आधी सर्वत्र शेजारीच होते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया वाढू लागले तेव्हा १७३६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याचे स्नेही यांनी एकमेकांची घरे वाचवण्याचा करार करून स्वयंसेवकांची पहिली मंडळी उभारली. चिलीतील वालपाराइसो या बंदरात १८५१ मध्ये स्थापन झालेल्या अशाच दलाची परंपरा इतकी दृढ ठरली की त्या देशातील अग्निशमन आजही बिनपगारी नागरिकच सांभाळतात. गाव वाढते, घराला घर लागते, एकाची ठिणगी दुसऱ्याच्या छपरावर जाऊ लागते, आणि मग शेजारधर्माला नियमांची आणि नोंदवहीची गरज भासते. स्वयंसेवक दलांचा जन्म बहुतेक ठिकाणी या एकाच कारणाने झालेला आहे.

आपल्याकडे मात्र ओघ निराळ्या दिशेने वळला. मुंबईच्या कोटातील बाजार १८०३ च्या आगीत बेचिराख झाला, पुढे १८५५ मध्ये घोड्यांनी ओढायचे बंब आले ते पोलिसांच्या ताब्यात, आणि १८८७ मध्ये अग्निशमन दलाची रीतसर घडी बसली. त्या दलाच्या शौर्याविषयी शंका घेण्याचे कोणालाही धाडस होणार नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत स्फोटके आणि कापूस यांनी भरलेले ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज पेटले तेव्हा त्याच्यावर पाणी मारता मारता ६६ जवानांनी प्राण दिले, आणि त्यांच्याच स्मरणार्थ दरवर्षी त्या तारखेपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. तरीही मला असे वाटते की बंब प्रथमपासूनच सरकारी अंमलाखाली आल्यामुळे ‘आग विझवणे हे सरकारचे काम’ ही समजूत आपल्या शहरी मनात फार लवकर रुजली. नगरपालिकांवर हे कर्तव्य १९६५ च्या अधिनियमाने बंधनकारक केले, ते योग्यच झाले. पण नगरपालिकेची हद्द संपते तेथे डोंगर सुरू होतो, आणि डोंगरातही आग लागतेच.

काठी हे एके काळी खानदेशातील मेहवाशी संस्थानांपैकी एक. संस्थान गेले, पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला, १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. दप्तरे या कचेरीतून त्या कचेरीत गेली, पण सातपुड्यातला देवगोईचा घाट होता तेथेच राहिला. नंदुरबार किंवा तळोदे येथून निघालेला बंब तो घाट चढून मोलगीच्या पुढे काठीच्या एखाद्या पाड्याशी पोहोचेतो सागाचे खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती आणि वरचे गवत यांचे काय उरणार, हे सांगावयास तज्ज्ञ नको. म्हणून इथे घर पेटले की पाडाच धावतो. प्रथम गुरे सोडायची, म्हाताऱ्यांना आणि लेकरांना बाहेर काढायचे, मग छपराचे गवत किंवा कौले ओढून खाली टाकायची, म्हणजे ज्वाळेला वर चढायला काही उरत नाही, आणि मिळेल त्या भांड्याने पाणी हातोहात पुढे द्यायचे.

वणव्याची कथा याहून मोठी आहे, कारण तो एका घराचा नसतो. सातपुड्याचे पानझडी रान माघ-फाल्गुनात वाळलेल्या पानांनी भरून जाते, आणि त्याच वेळी मोह फुलतो. पहाटे गळलेली टपोरी फुले पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याचा प्रघात पडला. वारा सुटला की तीच आग झाडाखालून निघून डोंगरावर जाते. हे सांगताना आदिवासींना दोष देण्याचा जो सुलभ मार्ग सरकारी अहवालांनी वर्षानुवर्षे चोखाळला आहे तो मला मान्य नाही. ज्या कुटुंबाचे उन्हाळ्यातले अन्न आणि हातातला रोख पैसा मोहाच्या फुलांवर अवलंबून आहे, त्याच कुटुंबाचे छपराचे गवत, गुरांचा चारा, चारोळी आणि टेंभुर्णीची पाने वणव्यात जातात. आग सुटली तर सर्वांत मोठे नुकसान त्याचेच, आणि डोंगरावर सर्वांआधी चढतोही तोच. पाचोळा झाडून घेणे किंवा झाडाखाली जुने कापड पसरणे हा उपाय जेथे जेथे पटवून दिला गेला तेथे तो स्वीकारलाही गेला आहे.

वणवा पाण्याने विझत नाही, कारण डोंगरमाथ्यावर पाणी नसते. वाऱ्याचा रोख पाहून त्याच्या वाटेत पाचोळा ओढून मातीची उघडी पट्टी काढायची, ओल्या डहाळ्यांनी कडेकडेने झोडपत त्याची रुंदी आवळत आणायची, आणि आग फारच अनावर झाली तर त्या पट्टीपासून तिच्या दिशेने उलट आग सोडायची, म्हणजे दोन आगी समोरासमोर येऊन जाळण्याजोगे काही न उरल्याने शांत होतात. हे शास्त्र कोणत्याही शाळेत न शिकता बापाकडून मुलाकडे आलेले आहे. वनखाते ज्यांना जाळरेषा म्हणते त्या पट्ट्या आगीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी काढून ठेवायच्या असतात, आणि त्यासाठी लागणारे हातही या पाड्यांतलेच. हिंदुस्थानातील वनांचे आगीपासून पद्धतशीर संरक्षण करण्याचा पहिला प्रयोग कर्नल पिअर्सन याने १८६० च्या दशकात बोरीच्या जंगलात केला, आणि ते जंगल याच सातपुड्याच्या पूर्वेकडील रांगांत आहे. तेव्हापासून सरकारला डोंगरातल्या माणसाची गरज लागत आली. पण त्या माणसाची मदत सरकारने उपकार म्हणून कधी मानली नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील ७९ वे कलम पाहावे: वनात ज्याचा काही हक्क आहे त्याने आग विझवण्यास मदत केलीच पाहिजे, आणि न केल्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. जो आपण होऊन धावतो त्याला कायद्याने शिक्षेचा धाक घातला, आणि त्याच्या पायांत जोडा आहे की नाही याची चौकशी मात्र त्या कलमात नाही.

अलीकडे काळ थोडा अनुकूल झाला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनाचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. शेजारच्या धुळे जिल्ह्यात बारीपाड्याच्या लोकांनी तर चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने त्याच्या कितीतरी आधीपासून स्वतःचे नियम करून सुमारे ४४५ हेक्टर जंगल कुऱ्हाडीपासून आणि वणव्यापासून राखले, आणि २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. सरकारी पगारावाचून, गावाच्या संमतीने, गावाच्या नियमांनी चालणारी ही राखण म्हणजे स्वयंसेवक दलच होय. त्याला ते नाव कोणी दिले नाही एवढेच.

आणि आता ही गरज वाढते आहे. पूर्वी डोंगरातली घरे आपापल्या शेतात, एकमेकांपासून दूर असत, म्हणून एक जळाले तरी दुसरे वाचे. मोलगीसारख्या बाजाराच्या गावी आता दुकानाला दुकान लागले आहे, पत्र्याखाली कापड, तेल, प्लास्टिक आणि गॅसच्या टाक्या एकत्र नांदत आहेत, विजेच्या तारा प्रत्येक दारात गेल्या आहेत. ज्या अवस्थेत फिलाडेल्फियाच्या नागरिकांना करार करावासा वाटला, ती अवस्था सातपुड्याच्या दारात येऊन उभी आहे. आणि ओल्या डहाळीचे ज्ञान विजेच्या आगीपुढे पुरे पडणार नाही.

म्हणून माझी विनंती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ग्रामसभांना आहे, आणि त्याहून अधिक आग्रहाने जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. त्याआधी प्रत्येक पाड्यातील आग विझवणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावे ग्रामसभेने नोंदवावीत, आणि सरकारने त्या यादीतील प्रत्येकाला जोडे, विजेरी, झोडपणी, प्रशिक्षण आणि विम्याचे संरक्षण द्यावे, तसेच मोलगीला पाण्याच्या टाकीसह एक बंब कायमचा ठेवावा.