गोल शिक्का

आमच्या घरात दाराच्या मागं एक तार लोंबकळत असायची. वर आकडा, खाली लाकडाची चकती. आलेलं पत्र वाचून झालं की वडील ते त्या तारेत ओवायचे. मुंबईच्या चुलत्याच्या मनीऑर्डरची कुपनं, सोसायटीच्या नोटिसा, लग्नपत्रिका, सगळं एकाच तारेत. आमच्या जुन्नर-आंबेगावात घरटी एखादा माणूस मुंबईला असायचाच. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी बाजारात हमाली करायचा. त्यामुळं पोस्टमन आला की अख्खी आळी दारात यायची.

1974 साली मी जुन्नरला आठवीत होतो. शाळा शिवनेरीच्या पायथ्याला आणि वर्ष शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाल्याचं. त्यामुळं गावात नुसता उत्साह होता. जूनमध्ये सरकारनं राज्याभिषेकाचं पंचवीस पैशांचं टपाल तिकीट काढलं. ते निमित्त धरून आमच्या चित्रकलेच्या सरांनी तिकीट मंडळ सुरू केलं. आम्ही अकरा पोरं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की चित्रकलेच्या वर्गात बसायचं. महिन्याला दहा पैसे वर्गणी. त्या पैशातून चिकटवायचा पातळ कागद आणि एक चिमटा आणला. चिमटा एकच, त्यामुळं भांडणं रोजची.

सर मोठे हौशी. शिवनेरीच्या लेण्यांवरून सुरू करून ते नाणेघाटाच्या रांजणावर जायचे आणि तिथून तिकिटावर यायचे. म्हणायचे, "घाटात जकात भरली की वाट मोकळी. तिकीटही तसंच. पैसे भरल्याची पावती ती." 1840 साली इंग्लंडात पहिलं तिकीट निघालं, त्याच्या आधी बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्यालाच पैसे मोजावे लागायचे, हे त्यांनीच सांगितलं. आशियातलं पहिलं तिकीट 1852 साली सिंधमध्ये निघालं. त्यातलं एक लाल लाखेचं होतं, ते हाताळताना तुटायचं, म्हणून आता फार थोडी उरलीत. हे ऐकून आम्ही महिनाभर घराघरातल्या ट्रंका धुंडाळल्या. लाखेचं तिकीट काही सापडलं नाही, मारही पोटभर खाल्ला.

आमच्या मंडळाचे व्यवहार पक्के असायचे. साध्या भारतीय तिकिटाला चार गोट्या. परदेशी तिकिटाला दोन भारतीय. ज्याचा काका आखातात, त्याचा भाव सगळ्यात वर. माझं आखातात कुणी नव्हतं. माझी सगळी भिस्त दारामागच्या तारेवर.

आईचं माहेर आंबेगाव. तालुक्याला ज्या गावाचं नाव, तेच ते गाव, घोड नदीच्या काठाला. तालुक्याचं ठिकाण घोडेगाव झालं, पण नाव मात्र आंबेगावचंच राहिलं. मामा हिरड्याच्या धंद्यात होता. पश्चिमेच्या डोंगरातली माणसं हिरडा गोळा करून बाजाराला आणायची, त्याची खरेदी तो करायचा. दिवाळीच्या आधी त्याचं पाकीट आलं. एरवी तो कार्ड टाकायचा, पण या खेपेला मजकूर लांबलचक होता. हिरड्याचा भाव, म्हातारीचा गुडघा, आणि शेवटी दोन ओळी, धरण होणार अशी बोलवा आहे, मोजणीवाली माणसं हिंडत्यात. वडिलांनी मोठ्यानं वाचलं. आई चुलीपाशी बसून ऐकत होती. तिला वाचता येत नव्हतं.

माझं लक्ष मजकुराकडं नव्हतंच. पाकिटावर राज्याभिषेकाचं तिकीट होतं!

दुपारी घरात कुणी नाही असं बघून मी तारेतून पाकीट ओढलं, तिकिटाचा कोपरा फाडला आणि वाटीतल्या कोमट पाण्यात टाकला. गोंद सुटल्यावर तिकीट रद्दीवर पालथं वाळत घातलं. उरलेलं पाकीट चुलीत गेलं. पत्र तेवढं परत तारेत ओवलं.

संध्याकाळी आईनं तार खाली घेतली. पत्रं एकेक करून चाळली.

"काय रं, मामाचं पाकीट कुठाय?"

"पत्र हाय की त्यात."

"पत्र नाय, पाकीट. त्याच्यावं मव्ह्या गावाचा शिक्का व्हता."

तेव्हा मला कळलं, की वाचता न येणारी माझी आई तारेतली माहेरची पत्रं बरोबर काढायची ती त्या गोल शिक्क्यावरून. अक्षरं तिला कळत नव्हती, पण त्या अक्षरांचा आकार ती ओळखायची. ती मला मारेल असं वाटलं. मारलं नाही. "आसू दे, दुसरं येईल," एवढंच म्हणाली.

शनिवारी मी ऐटीत तिकीट सरांपुढं ठेवलं. त्यांनी चिमट्यानं उचलून उजेडात धरलं. शिक्क्याची एक कड तिकिटावर उमटली होती. "गाव" एवढीच दोन अक्षरं दिसत होती. बाकीचा शिक्का पाकिटाच्या कागदावर होता.

"पाकीट कुठंय?"

"फाडलं सर."

सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, तिकिटं लाखांनी छापतात. पण त्या तारखेला आंबेगावच्या पोस्टातून निघालेली पाकिटं किती असतील? आधी शिक्का बघायचा, मग तिकीट." मला ते तितकंसं पटलं नाही. माझ्याकडं राज्याभिषेकाचं तिकीट आलं होतं आणि त्याला वीस गोट्यांचा भाव लागला होता. मी ते विकलं नाही, हे नशीब.

पुढं डिंभ्याचं धरण झालं. घोड नदी अडली आणि आंबेगाव पाण्याखाली गेलं. नुसतं आंबेगाव नाही, आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या, भातखाचरं, देवळं, सगळं. माणसं पांगली. मामा घोडेगावला आला, पण हिरड्याच्या धंद्यात पुन्हा त्याचा जीव रमला नाही. या जलाशयाला आता हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. महाळुंगे पडवळचा हा गडी 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढं आडवा झाला. त्याचं नाव दिलं, चांगलं झालं. धरणानं खालच्या अंगाला ऊस पिकला, घरं पक्की झाली, हेही खरं. माझी स्वतःची चार एकर त्याच पाण्यावर भिजतात, म्हणून मला धरणाला नावं ठेवायला तोंड नाही.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या गावाच्या खुणा उघड्या पडतात. एका वर्षी आईला घेऊन गेलो. काठावर बसून ती बोट दाखवत राहिली, हितं बाजार, हितं देऊळ, हितं आमची पडवी. मला गाळ आणि दगड दिसत होते. परतताना एसटीत ती एकदम म्हणाली, "तुव्हं ते तिकीट हाय का रं अजून?"

घरी येऊन वही काढली. तिनं चष्मा लावला, तिकिटावरच्या महाराजांना आधी नमस्कार केला आणि मग त्या दोन अक्षरांवरून अंगठा फिरवला. तोवर ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात सही पुरतं लिहायला शिकली होती. "गा... व," तिनं वाचलं. म्हणाली, "आर्धं ऱ्हायलं की."

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी मास्तरकीतून निवृत्त झालो आणि गावच्या शाळेत दर शनिवारी तिकीट मंडळ घेतो. आता पोरांकडं तिकिटं यायची वाटच राहिली नाही. घरी येतं ते पार्सल, त्यावर काळ्या रेघांचं स्टिकर. केंद्र सरकारनं 2017 मध्ये सहावी ते नववीच्या मुलांसाठी तिकीट संग्रहाची दीनदयाळ स्पर्श शिष्यवृत्ती काढली, वर्षाला 6000 रुपये. आमच्या दोन मुली परीक्षेला बसल्या. मिळाली नाही, पण त्या निमित्तानं त्यांनी तिकिटांवर पन्नास पानांची वही तयार केली.

मग मी एक साधं काम काढलं. पाच रुपयांचं तिकीट घ्यायचं, पाकिटावर डकवायचं, वर शाळेचा पत्ता घालायचा आणि मामाच्या, आत्याच्या, मावशीच्या गावी गेलं की तिथल्या पोस्टात जाऊन टाकायचं. पोस्टातल्या माणसाला सांगायचं, "जरा दाबून मारा शिक्का, सगळी अक्षरं उठू द्या." तो आधी हसतो, मग शाई नीट लावून मारतो. पाकिटात एक चिठ्ठी असते, त्या गावात काय बघितलं त्याची. घोडेगाव, मंचर, नारायणगाव, ओतूर, आपटाळे, बेल्हे, असे शिक्के आमच्याकडं जमलेत. खोडदच्या पाकिटातल्या चिठ्ठीत मुलानं तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीची थाळी काढून पाठवली, आणि खाली आजीच्या मासवडीचं वर्णन, तेच जास्त लांब.

ही पाकिटं आम्ही फाडत नाही. आख्खीच वहीत लावतो. पहिल्या पानावर मात्र एकच तिकीट आहे, पाकिटाशिवाय. पोरं विचारतात तेव्हा मी सगळी हकिगत सांगतो, वाटीतल्या पाण्यासकट. चूक लपवून मास्तरकी होत नाही.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात दारामागं तार असेल, माळ्यावर ट्रंक असेल, तर त्यातली पाकिटं रद्दीत घालण्याआधी एकदा शिक्के बघा. त्यात आंबेगावचा एखादा सबंध शिक्का निघाला, तर मला तो नको. तुमच्याच घरात नीट जपून ठेवा. फक्त एकदा बघायला बोलवा.