वर्तुळमार्ग

परभणीच्या आमच्या घरात महिनाभर आइसलँडचा नकाशा पसरलेला आहे. तिथल्या सागा वाचून लागलेले हे वेड. बेटाभोवतीचा सुमारे १,३०० किलोमीटरचा मार्ग स्वतः गाडी चालवीत, तीही रस्त्याच्या उजव्या बाजूने, दहा दिवसांत पुरा करण्याचा आमचा मनसुबा. हे वर्तुळ १९७४ साली, दक्षिणेतील हिमनद्यांच्या प्रवाहांवर पूल झाले तेव्हा कुठे सांधले गेले. १९९६च्या पुराने त्यांतला एक पूल वाहूनही नेला. गंगाखेडला गोदावरी ओलांडताना अजून नाणे टाकणाऱ्या आईंना हे सांगितले.

"म्हणजे प्रदक्षिणाच की," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "किती दिवस?"

आठ दिवसांपलीकडे त्यांच्या सोबतीला कुणी नाही. आम्ही उत्तरेतले दोन मुक्काम खोडले. मीवात्न सरोवर आता गाडीतूनच दिसेल.