पान ४१ ते ४८

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचं यंदा पंचविसावं वर्ष, म्हणून जुन्या अंकांतलं निवडक छापायचं ठरलं. अंकाचं डीटीपी पहिल्यापासून मीच करतो, त्यामुळे जुनं सगळं माझ्याकडे, एका ५०० जीबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर. 'काळजी नको, सगळं आहे,' असं मी बैठकीत चहा पिता पिता सांगून बसलो होतो.

घरी येऊन डिस्क लावली. दिवा लागला आणि आतून पाल चुकचुकावी तसा आवाज आला. टक्. टक्. टक्. मग गप्प. काढून पुन्हा लावली, दुसऱ्या पोर्टात लावली, आडवी-उभी करून पाहिली. सातव्या-आठव्या खेपेला ड्राइव्ह दिसला आणि विंडोजने विचारलं, फॉरमॅट करायचा का? 'नाही' दाबलं, एवढीच त्या दिवशीची अक्कल. कारण लगेच मी चेकडिस्कची कमांड सोडली. ती फायली दुरुस्त करत नाही, फायलींची नोंदवही दुरुस्त करते. आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर स्वतःच लिहीत सुटते. जी नोंद वाचता येत नाही ती खोडून मोकळी. वीस मिनिटांत फोल्डरांची नावं गेली आणि मशीन गोठलं.

शेजारच्या काकांनी डिस्क पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितली. आमच्या फ्रीजमध्ये तेव्हा मोदकाचं सारण होतं, जागा नव्हती, म्हणून वाचलो. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, आणि वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. केसाची जाडी त्याच्या हजारोपट.

शेवटी पुण्याच्या भाच्याला फोन केला. "मामा, आधी वायर काढा," तो म्हणाला, "आणि मी येईपर्यंत परत लावू नका."

शनिवारी तो आला. त्यानं जुन्या एटीएम कार्डानं डिस्कचं कव्हर उचकटलं. आत नेहमीची लॅपटॉपची डिस्क आणि तिच्या तोंडाला यूएसबीची नखाएवढी पट्टी. काही डिस्कवर यूएसबीचं तोंड मूळ बोर्डावरच डाग दिलेलं असतं, काहींत ती पट्टीच डेटा कुलूपबंद करते. तसं असतं तर हा मार्ग बंद होता. आमची साधी निघाली. पट्टी काढून त्यानं डिस्क सरळ डेस्कटॉपच्या साटा केबलला जोडली. टकटक थांबली! म्हणजे ती बरीचशी अपुऱ्या विजेची होती. मी डिस्क हबमधून चालवत होतो. इथेही टकटक चालूच राहिली असती तर हात जोडून लॅबकडे जायचं, असं त्यानं आधीच बजावलं होतं.

पण डिस्क धडधाकट नव्हतीच. वाचताना अडकलेल्या सेक्टरांचा आकडा शेकड्यांत होता. भाच्यानं लिनक्स चालू करून डीडीरेस्क्यू लावलं. हे फार शहाणं पात्र आहे. आधी सोपं सोपं भराभर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतं, अडलं की पुढे जातं आणि कुठं अडलं ते टिपून ठेवतं; कठीण जागांशी झटापट शेवटी. पहिल्या तीन तासांत ९८ टक्के उतरलं. उरलेल्या दोन टक्क्यांना चार रात्री लागल्या. टेबलफॅन डिस्कवर रोखून मी शेजारी प्रुफं तपासत बसायचो.

मूळ डिस्क कपाटात गेली आणि पुढचं सगळं प्रतीवर. नोंदवहीची मी वाट लावलेली, म्हणून फोटोरेक वापरावं लागलं. ते नोंदवही बघतच नाही, फायलीचं तोंड ओळखून ती उचलतं. नावं अर्थातच मिळत नाहीत. अकरा हजार फायली आल्या, सगळ्यांची नावं एफ आणि पुढे आकडे. एक वर्ड फाइल उघडली, तर रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं. युनिकोडच्या आधीचा मजकूर. मराठी दिसतं ते केवळ फॉन्टमुळे, आणि तो फॉन्ट नव्या लॅपटॉपवर कुठला! तोही त्याच ढिगात होता. फॉन्टाचं नाव फायलीच्या आतच असतं, म्हणून सापडला. बसवला, आणि डॉलरांच्या जागी 'संपादकीय' उमटलं. मी खुर्चीतून उठलोच.

शोधण्यासाठी मग तोच उलटा मार्ग धरला. हवा तो शब्द त्या फॉन्टात टाइप करायचा, त्याची जी रोमन खिचडी होते ती ढिगात शोधायची. गौरी जेवल्या त्या रात्री एकवीस अंकांचा मजकूर लागला होता.

राहिला २००६चा एक लेख. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्याच्या एका निवृत्त गुरुजींनी लिहिलेल्या आठवणी. फाइल मिळाली, पण मधेच मेलेले सेक्टर. 'आई म्हणाली, दिवा' इथे वाक्य तुटतं आणि पुढे नुसते चौकोन. गुरुजी आता नाहीत. वाचनालयाची प्रत कुणी नेली, ती परत आलीच नाही.

मुखपृष्ठावर पिवळा आकाशकंदील, मागे ठिबक सिंचनाची जाहिरात. साताऱ्याकडच्या कुणाच्या माळ्यावर तो अंक असेल तर पान ४१ ते ४८ची झेरॉक्स हवी आहे. पोस्टाचा खर्च मी देईन.