दम आणि दवाखाना

महाडजवळच्या आमच्या गावात नाना विंचवाचा दम करायचे. सूरह फातिहा पढून दंशावर फुंकर घालायचे. पैसा, नारळ, कोंबडी, काहीच घेत नसत. आमिलाचा सारा इमान एवढाच, असं त्यांना वाटे.

एका पावसाळ्यात शेजारची सात वर्षांची पोर आणली. लाल विंचू होता. दम केल्यावर ती शांत झाली. "उतरलं," नाना म्हणाले. पहाटे तिच्या तोंडाला फेस आला आणि ती गेली. लाल विंचवाचं विष हृदयावर उठतं, फुफ्फुसात पाणी भरतं. कळ थांबली म्हणजे विष उतरलं, असं नसतं.

पुढे १९८०च्या दशकात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध देऊन असे रुग्ण वाचवले. तेव्हापासून नाना आधी गाडी बोलवायचे, मग पढायला बसायचे. "दुआ गाडीतही पोचते," म्हणायचे.

वैद्यकी येत नसताना इलाज करणारा नुकसानीला जबाबदार, ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. विंचू, साप, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवणं महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. काहींना हा कायदा दीनवरचा हल्ला वाटतो. नानांना तसं वाटलं नसतं.

त्यांनी फुकट दम केला, नियत साफ होती. तरी त्या पोरीचं नाव ते मरेपर्यंत दुआत घेत राहिले.