मालवणात काटे काढताना

हैदराबादेत मासे म्हणजे बहुतेक गोड्या पाण्यातले: रोहू, कटला आणि इथलं लाडकं कोरमीनू. हॉटेलात गेलो की अपोलो फिश. काटा नाही, कटकट नाही. दोन वर्षांपूर्वी रोहूचा काटा लेकीच्या घशात अडकला आणि रात्री दवाखाना गाठावा लागला. तेव्हापासून आमच्या घरात बोनलेसशिवाय मासा आला नाही. आम्ही मूळचे मालवणचे, आणि पोरगी सात वर्षांची झाली तरी तिने बांगडा चाखलेला नाही, हे आत्याला फोनवर सांगताना मला लाज वाटायची.

१ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते, म्हणून यंदा मेच्या तिसऱ्या आठवड्यातच गावी गेलो. बाजाराची पिशवी आत्याच्याच हातात होती, आणि चार दिवसांचे मासे तिने जणू अभ्यासक्रमासारखे लावले होते.

पहिल्या दिवशी सुरमई. रव्यात घोळवून तळलेल्या तुकडीत मधला काटा तेवढा बाजूला केला की झालं. (माझं मत विचाराल तर सुरमईचं एवढं कौतुक होतं ते ती खायला सोपी म्हणून.) दुसऱ्या दिवशी मुडदुसे. पांढरं, इतकं मऊ मांस की काटा ओढला की अख्खा निघून येतो. आमच्याकडे आजारातून उठलेल्याला हेच देतात. तिसऱ्या दिवशी तिसऱ्यांचं एकशिपी. विळीवर तिसरी उघडायची, रिकामी शिंपली टाकायची आणि मांस असलेली तेवढी वाटपात शिजवायची. इथे काटा नाहीच, पण बोटांना काम भरपूर. लेक शिंपल्या चोखत बसली आणि भात तसाच राहिला.

चौथ्या दिवशी बांगड्याचं तिखलं, तिरफळं घातलेलं. मी सवयीने तिच्या ताटातला बांगडा सोलायला घेतला. आत्याने माझा हात बाजूला केला.

"तू रव रे. बाय, पाठीर दाब. आता उघड."

बांगडा दोन फाकांत उघडला, मधला काटा वर आला. पोटाकडचे बारीक काटे राहिले होते. लेकीने घास तोंडात घातला आणि एकदम थांबली. मी पाण्याचा पेला उचलला. आत्या शांतपणे म्हणाली, "गिळां नको. जिभेन शोध. जिभेक कळता गो, डोळ्यांक नाय."

बराच वेळ तोंड हलत राहिलं. मग तिने दोन बोटांनी केसासारखा काटा बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवला. जेवण संपेपर्यंत तिथे अकरा काटे होते. तिने ते मोजून दाखवले. तिरफळ मात्र चावलं, आणि जीभ बधिर झाली म्हणून थोडं रडूही आलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पेडवे तळले. एवढेसे, कुरकुरीत, काट्यांसकट खायचे. तिने सहा संपवले.

रोहूची गोष्ट वेगळी आहे. त्याचे बरेच काटे मधल्या कण्याला जोडलेले नसतात, दोन फाट्यांचे होऊन मांसातच रुतलेले असतात. कणा काढला तरी ते मागे राहतात. परतीच्या गाडीत लेकीने विचारलं, "बाबा, रोहूचा काटापण जिभेला कळतो का?"

मी म्हटलं, "रविवारी बघू." बाजारात गेलो आहे, अजून रोहू आणलेला नाही.